पाटी दुकानदाराची, भिंत मक्तेदाराची

गूगल या अमेरिकन कंपनीने छोट्या व्यावसायिकांना फुकट म्हणून देऊ केलेली संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये एका फटक्यात बंद करून टाकली. २०१७ साली ही सोय मोठ्या गाजावाजाने सुरू झाली होती. दुकानाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि चार छायाचित्रे भरली की काही मिनिटांत आपलीही वेबसाइट तयार, असे तिचे आकर्षण होते. सोय बंद झाल्यावर १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कंपनीच्याच नकाशावरील नोंदीकडे वळवले जात होते. त्यानंतर तो पत्ता मेला. ज्या खानावळवाल्या बाईने, शिकवणीवाल्या मास्तरांनी, केशकर्तनालयाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या चालकाने तो पत्ता पाटीवर रंगवून घेतला होता, पावतीपुस्तकावर छापून घेतला होता, त्यांना दाद मागायला जागाच नव्हती. पैसा दिला नव्हता म्हणून करार नव्हता, आणि करार नव्हता म्हणून हक्कही नव्हता. रस्तारुंदीसाठी दुकान पाडायचे झाले तर नगरपालिकेला निदान नोटीस द्यावी लागते, सुनावणी घ्यावी लागते, वेळप्रसंगी मोर्चाला तोंड द्यावे लागते. येथे मोर्चा न्यायचा तरी कोणाच्या दारावर?

या घटनेची देशात फारशी चर्चा झाली नाही. तशी ती व्हावी इतकी ही संकेतस्थळे दिमाखदार नव्हतीच. परंतु लहान धंदा आज कोणत्या जमिनीवर उभा केला जात आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा शोधूनही सापडणार नाही.

पक्षाच्या काही कार्यकर्त्यांना इंटरनेटवरील जाहिरात, संकेतस्थळ, फेसबुकवरील पान वगैरे बाबी शहरी मध्यमवर्गाच्या हौसेच्या वाटतात. कामगार आणि शेतकरी यांचे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना दुकानदाराच्या पाटीची काळजी कशाला, असा त्यांचा सवाल असतो. तो अगदीच निराधार नाही, पण अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ मधील ७३ व्या फेरीनुसार देशात शेतीबाहेरचे सुमारे ६ कोटी ३४ लाख लहान उद्योगधंदे होते आणि त्यांवर ११ कोटींहून अधिक माणसांचा रोजगार अवलंबून होता. त्यांतील सुमारे २ कोटी ३० लाख व्यापारातले होते. यांतील बहुसंख्य धंदे म्हणजे घरच्या माणसांच्या श्रमावर चाललेला जेमतेम उदरनिर्वाह आहे. किराणा दुकान, शिंपीकाम, सायकलदुरुस्ती, पिठाची गिरणी, चहाची टपरी यांना भांडवलदारांच्या रांगेत बसवायचे तर भांडवल या शब्दाला अर्थच उरणार नाही. बंद पडलेल्या गिरणीतील कामगाराने उपदानाच्या पैशातून थाटलेले दुकान हा मुंबईत १९८२ च्या संपानंतर हजारो कुटुंबांचा अखेरचा आसरा होता, हे तर मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही.

या दुकानदाराचे गिऱ्हाईक बदलले आहे. घरातील नळ गळू लागला की पूर्वी माणूस शेजाऱ्याला विचारी, आता तो खिशातला फोन काढतो. जे नाव त्या काचेवर आधी दिसते, तेथे त्याची पावले वळतात. कोपऱ्यावर वीस वर्षे काम करणारा प्लंबर त्या काचेवर नसेल, तर त्या गिऱ्हाइकापुरता तो कोपऱ्यावरही नसतो. तेव्हा इंटरनेटवर आपली खूण असणे ही आता हौस राहिलेली नाही. ती वजनकाट्याइतकीच धंद्याची गरज झालेली आहे. म्हणूनच ती खूण कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न राजकीय आहे.

लहान धंदेवाल्यांना या जागेत बोलावून आणण्याचा इतिहास उद्बोधक आहे. जस्ट डायल ही कंपनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. एक क्रमांक फिरवला की जवळचा रंगारी, जवळचा दवाखाना कळत असे. लोकांना उपयोग होता आणि दुकानदारालाही होता. पुढे यादीत वरचे स्थान हवे तर वार्षिक पैसे भरावे लागू लागले, आणि वसुलीसाठी येणारे प्रतिनिधी बाजारपेठेच्या परिचयाचे झाले. २०११ मध्ये गूगलने भारतातील छोट्या धंद्यांना इंटरनेटवर आणण्याची मोहीम काढली. पहिले वर्ष पत्ता फुकट, पुढे पैसे. २०१७ च्या जानेवारीत कंपनीचे प्रमुख सुंदर पिचाई दिल्लीत आले आणि उद्योगपतींच्या फिक्की या संघटनेच्या सहकार्याने छोट्या व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाची घोषणा करून गेले. फेसबुकनेही दुकानदारांना पाने उघडायला लावली. त्यांनी आपल्याच गिऱ्हाइकांना हाताला धरून तेथे नेले, पान आवडल्याची खूण करा म्हणून गळ घातली. मग जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे लोकांना मित्र आणि कुटुंबीय यांचा मजकूर आधी दिसेल, धंद्यांच्या पानांचा कमी. आपणच गोळा करून दिलेल्या गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचण्यासाठी दुकानदाराला आता जाहिरातीचे पैसे मोजावे लागू लागले. वारुळ मुंग्यांनी बांधावे आणि आत नागोबाने येऊन बसावे, असाच हा प्रकार.

या कंपन्या दानधर्मासाठी निघालेल्या नाहीत, हे त्यांचे हिशेबच सांगतात. २०२४ मध्ये गूगलच्या पालक कंपनीचे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ जाहिरातींचे होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप या तिन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीचे जवळजवळ सर्वच उत्पन्न जाहिरातींचे आहे. ही रक्कम एकट्या बड्या उद्योगांकडून येत नाही. जगभरच्या लहान धंद्यांनी दररोज दोनशे-पाचशे रुपयांनी भरलेला तो फाळा आहे.

त्याची आकारणी कशी होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कोणी 'जवळचे औषधाचे दुकान' असे शब्द टाइप केले की त्या क्षणी पडद्याआड लिलाव होतो. जो अधिक बोली लावील आणि ज्याची जाहिरात कंपनीच्या मते अधिक 'योग्य' असेल, त्याचे नाव वर झळकते. बोट लागले की पैसे कापले जातात, मग गिऱ्हाईक दुकानात येवो अथवा न येवो. लिलाव पुकारणारी कंपनी तीच, योग्यतेचे माप ठरवणारी तीच आणि पैसे घेणारीही तीच. या लिलावात गल्लीतल्या औषधविक्रेत्याच्या शेजारी कोट्यवधींचा तोटा सोसायला तयार असलेली, परकीय वित्तभांडवलावर पोसलेली कंपनी बसलेली असते. तिला आज नफा नको असतो, बाजार हवा असतो. औषधविक्रेत्याला मात्र महिनाअखेर घाऊक व्यापाऱ्याची उधारी चुकवायची असते.

एवढ्यावरच हे थांबत नाही. दुकानाचे स्वतःचे नावसुद्धा या लिलावात विकायला निघते. गिऱ्हाइकाने अमुक एका पेढीचे नाव लिहून शोध घेतला, तरी त्या नावावर बोली लावलेल्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात आधी दिसू शकते. सामानाची ने-आण करणाऱ्या अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाबाबत हाच वाद दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला. १० ऑगस्ट २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की दुसऱ्याचे व्यापारचिन्ह असे शोधशब्द म्हणून विकणे हा त्या चिन्हाचा वापरच ठरतो. गूगल या व्यवहारात निव्वळ मध्यस्थ नसून सक्रिय भागीदार आहे, आणि व्यापारचिन्हाचा भंग होत असेल तर मध्यस्थाला मिळणारे कायद्याचे कवच तिला मिळणार नाही. निकाल महत्त्वाचा आहे. पण त्याचा लाभ घ्यायचा तर नोंदणी केलेले व्यापारचिन्ह हवे, वकील हवा आणि दिल्लीपर्यंत जाण्याचा खर्च हवा. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आले. तरीही ते नाव लिहून शोधणाऱ्याला प्रथम कोण दिसावे, हे आठ जिल्ह्यांतील चर्मकार ठरवू शकत नाहीत.

मात्र भाडे भारी आहे, हा या व्यवस्थेतला मुख्य दोष नव्हे. बाजारपेठेत मोक्याच्या जागेचे भाडे नेहमीच भारी असते. येथे जागामालक स्वतःच समोर दुकान थाटून बसला आहे, ही खरी गोष्ट आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये मोजून रिलायन्सच्या जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के भाग घेतला. त्याच वर्षी जुलैत गूगलने ३३,७३७ कोटी रुपये देऊन ७.७ टक्के भाग घेण्याचे जाहीर केले. टाळेबंदीत दुकानांची दारे बंद असताना हे सौदे झाले, हेही ध्यानात ठेवावे. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, रिलायन्सच्या किरकोळ व्यापारातील कंपनीने जस्ट डायलचा सुमारे ४१ टक्के हिस्सा ३,४९७ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला आणि नंतर तिच्यावर ताबा मिळवला. म्हणजे दुकानदारांची पंचवीस वर्षांत जमवलेली यादी, त्यांचे पत्ते, त्यांच्याकडे आलेल्या विचारणा हे सारे भांडार किराणा मालापासून कपड्यांपर्यंत सर्व काही विकणाऱ्या देशातील सर्वांत बड्या घराण्याकडे गेले. परकीय मक्तेदार आणि देशी मक्तेदार यांची हातमिळवणी म्हणजे काय, याचे उदाहरण आता अभ्यासवर्गात जुन्या ग्रंथांतून काढून दाखवण्याची गरज उरलेली नाही.

ई-व्यापाराच्या कंपन्यांचेही असेच आहे. आपल्या मंचावर सर्व विक्रेते समान आहेत, असे त्या सांगतात. परंतु काही मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप मिळते, ही दिल्लीतील व्यापाऱ्यांची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने प्रथमदर्शनी चौकशीयोग्य मानली आणि जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. फ्लिपकार्टची मालकी तोवर अमेरिकेच्या वॉलमार्टकडे गेलेली होती.

मग सरकार काय करीत होते? स्पर्धा आयोगाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शोधाचे निकाल स्वतःच्या सेवांकडे झुकवल्याबद्दल आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटींचा दंड केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मोबाइलमधील वर्चस्वाच्या दुरुपयोगाबद्दल १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला, आणि तो अपिलातही कायम राहिला. पण पहिल्या प्रकरणातील तक्रारी २०१२ मधील होत्या. सहा वर्षे न्यायाची वाट पाहू शकेल असे किराणा दुकान देशात किती सापडेल? बलाढ्य कंपन्यांना आधीच नियमांच्या चौकटीत बांधणाऱ्या डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा बड्या कंपन्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध लगेच काहूर उठवले. एकीकडे हे घडत असताना परकीय कंपन्यांना ऑनलाइन जाहिरातींपोटी जाणाऱ्या पैशांवर २०१६ पासून असलेला ६ टक्के कर सरकारने १ एप्रिल २०२५ पासून रद्द केला. अमेरिकेकडून आयातशुल्काच्या धमक्या येत होत्या, त्याच दिवसांतली ही गोष्ट. वर्षाला एक लाख रुपयांहून अधिक देणाऱ्यांनाच हा कर लागू होता. त्यामुळे तो जाण्याने लहान दुकानदाराच्या पदरात काय पडले, हे अर्थमंत्रालयाने एकदा सांगावे.

सरकारच्या झोळीत आणखी एक उत्तर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेले आणि एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणीला उतरलेले 'ओएनडीसी' हे खुले व्यापारजाळे ते होय. विक्रेत्याने एकदा नोंद केली की तो कोणत्याही कंपनीच्या अ‍ॅपमधून दिसावा, ही त्यामागची कल्पना चांगली आहे. केवळ सरकारने काढली म्हणून तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु गिऱ्हाईक या जाळ्यात शिरते ते शेवटी कोणत्या तरी कंपनीच्याच दारातून. २०२३ मध्ये असे एक दार उघडणारी फोनपे ही कंपनी वॉलमार्टच्याच गोतावळ्यातली आहे. रस्ता सार्वजनिक आणि त्यावरचे प्रत्येक फाटक खाजगी, अशी ही रचना आहे. फाटकापाशी कोणाचे नाव आधी दाखवायचे, हा अधिकार जोवर सार्वजनिक नियंत्रणाखाली येत नाही, तोवर दुकानदाराचे पारतंत्र्य फक्त वाटून जाते.

यावर यंत्र फोडा, फोन टाकून द्या, असा उपदेश कोणी करणार नाही. तंत्र हा शत्रू नव्हे, त्याची मालकी शत्रुवत आहे. इंटरनेटचे मूळ तंत्र आजही कोणाच्या खाजगी मालकीचे नाही, आणि त्यावर स्वतःचा पत्ता घेण्याची वाट अजून खुली आहे. '.इन' या भारतीय विभागातील नाव साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळते. '.भारत' हा देवनागरी विभाग २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला, तेव्हा ज्या आठ भाषांसाठी तो खुला झाला त्यांत मराठी आणि कोकणीही होत्या. म्हणजे दुकानाचे नाव मराठीत, पत्ताही मराठीत. महाराष्ट्रात दुकानांच्या मराठी पाट्यांवरून रस्त्यावर राडे करणारे पुढारी या सोयीबद्दल कधी अवाक्षर काढताना दिसत नाहीत. काचा फोडण्याने मथळे मिळतात, ते यात मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

असे घर साधेच असावे. धंद्याचे नाव, काम, शक्य तेथे दर, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, सुटीचा वार, जवळची ओळखीची खूण, फोन क्रमांक एवढे एका पानावर असले तरी पुरते. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी दुकानदाराने मराठीबरोबर गिऱ्हाइकाच्या भाषेतही ते लिहावे, कारण धंदा गिऱ्हाइकाच्या भाषेत चालतो. नाव मात्र स्वतःच्या नावावर नोंदवून घ्यावे. ते काम करून देतो म्हणून फिरणारे मध्यस्थ पत्ता स्वतःच्याच नावे घेतात, पुढे दरवर्षी मागतील ती रक्कम द्यावी लागते आणि भांडण झाले की दुकानदार आपल्याच पत्त्याला मुकतो. 'पहिल्या क्रमांकावर आणून देतो' ही हमी देणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवावे, कारण तो क्रमांक त्याच्या हातात नसतो. विकतच्या कौतुकांचेही तसेच. ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक ठरवून दिले ते या खोटेपणाला ऊत आला म्हणूनच.

कंपन्यांच्या फुकट सोयी वापरू नयेत, असा याचा अर्थ नाही. नकाशावरील आपल्या दुकानाच्या नोंदीवर हक्क सांगून ती बरोबर ठेवावी, नाहीतर भलताच कोणी ती बदलून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मालाची यादी पाठवणे सोयीचे आहे तर जरूर पाठवावी. पण गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक उधारीच्या वहीसारखे स्वतःच्या वहीतही असावेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास जगभर एकदम बंद पडले. ज्यांची सारी मागणी त्यावरूनच येत होती, त्यांनी त्या दिवशी रिकामी काच पाहत बसण्यापलीकडे काय केले असेल?

एकट्या दुकानदाराची ताकद मात्र येथेच संपते. बाजारपेठेतील ऐंशी दुकानांनी मिळून एक संकेतस्थळ चालवले, घरपोच माल पोहोचवण्याची सोय सामाईक केली, तर खर्च विभागतो आणि गिऱ्हाइकालाही तेथे यायला कारण मिळते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे शिकवण्याची गरज नसावी. अपना बाजारची सुरुवात १९४८ मध्ये झाली तेव्हा मुंबईच्या कष्टकऱ्यांपाशी यापेक्षा अधिक साधने नव्हती. राज्यसंस्थेलाही येथे काम आहे. केरळमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये 'केरळ सवारी' ही टॅक्सी आणि रिक्षांची सार्वजनिक सेवा ८ टक्के सेवाशुल्कावर सुरू केली. बड्या कंपन्यांच्या तुलनेत तिला गाठता आलेला पल्ला मर्यादित राहिला, हे मान्य केले पाहिजे. जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्यांशी सार्वजनिक सेवेने सामना कसा करायचा, हा प्रश्न त्या अनुभवाने सोडवला नाही, पण नेमका मांडला.

व्यापारी संघटनांशी बोलताना आणखी एक भान सोडता कामा नये. यांतील अनेक संघटनांच्या अध्यक्षपदी घाऊक व्यापारी बसलेले असतात, आणि त्यांचे हितसंबंध टपरीवाल्याचे नसतात. स्वतः लुबाडला जाणारा दुकानदार आपल्या दुकानातील पोऱ्याला साप्ताहिक सुटी देतोच असेही नाही. मक्तेदारांविरुद्ध त्याच्या खांद्याला खांदा लावायचा, तो दुकान कर्मचाऱ्याच्या किमान वेतनाकडे डोळेझाक करून नव्हे. घरोघर माल पोहोचवणारी पोरे तर दोन्हीकडून चेपली जातात. त्यांच्या संघटनेचे काम आणि दुकानदारांमधील काम एकमेकांच्या आड येते, ही समजूत टाकून दिली पाहिजे. दोघांचाही हिशेब करणारे अदृश्य माप एकाच कंपनीच्या संगणकात आहे.

लढून काही मिळत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी २०१६ आठवावे. काही ठरावीक संकेतस्थळे तेवढी फुकट दाखवण्याची फेसबुकची योजना गरिबांसाठी वरदान म्हणून मांडली गेली होती. त्या योजनेत नसलेला प्रत्येक छोटा धंदा त्या गरिबांच्या दृष्टीने अदृश्य झाला असता. तरुण तंत्रज्ञांनी मोहीम उभारली, लाखो लोकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे हरकती पाठवल्या, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने असा भेदभाव करणाऱ्या दरांना बंदी घातली. कंपनीला माघार घ्यावी लागली.

आजच्या मागण्याही तितक्याच मूर्त आहेत. धंद्याची नोंद किंवा पान बंद करण्यापूर्वी मुदत, लेखी कारण आणि स्थानिक भाषेत सुनावणी मिळाली पाहिजे. दुकानदाराचे स्वतःचे नाव प्रतिस्पर्ध्याला विकण्यावर बंदी हवी. मंचाच्या मालकाला त्याच मंचावर स्वतःचा माल विकता येऊ नये. जाहिरातींवरील रद्द केलेला कर पुन्हा बसवून त्यातून नगरपालिकांच्या स्तरावर बाजारपेठांची सार्वजनिक सूची उभी केली जावी. संसदेत या मागण्या मांडण्याइतकेच त्या पेठेत नेणे आवश्यक आहे. शाखांनी आपल्या भागातील एक पेठ निवडावी, दुकानोदुकानी जाऊन पत्ता कोणाच्या नावावर आहे, जाहिरातीला महिना किती जातो, कोणत्या कंपनीने कधी नोंद बंद केली, हे वहीत उतरवावे आणि ती वही घेऊनच नगरसेवक, आमदार व खासदार यांच्याकडे जावे.